वही सरळ, मनगट वाकडे!

फेब्रुवारी उजाडला की माझ्या नेरूळच्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढू लागते. दहावी-बारावीची मुले असतात, सोबत आई किंवा वडील असतात आणि तक्रार बहुधा पालकच सांगतात. "डॉक्टर, हा लिहायचा फार कंटाळा करतो. दोन पाने झाली की हात दुखतो म्हणतो. काही टॉनिक द्या." मूल बिचारे खाली मान घालून बसलेले असते.

अशा वेळी मी औषधाचा कागद पुढे ओढण्याआधी त्या मुलापुढे वही-पेन ठेवते आणि "नेहमीसारखे लिही" म्हणून सांगते. पाच-सात मिनिटांत बहुतेक वेळा कारण दिसते. दुखणे हातात असते हे खरे, पण त्याचे मूळ वही ठेवण्याच्या जागेत, खुर्चीच्या उंचीत किंवा पेन धरण्याच्या पद्धतीत असते. ते टॉनिकने जात नाही. मांडणी बदलली की मात्र पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांत फरक पडतो. म्हणून आजच्या लेखात वही, टेबल आणि पेन यांच्याविषयी आरोग्याच्या दृष्टीने थोडे बोलू या.

लिहिणे संपलेले नाही

मोबाइलच्या जमान्यात हाताने कोण लिहितो, असे काही वाचक म्हणतील. पण मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांतील दहावी-बारावीच्या परीक्षांचा कारभार पाहणारे मुंबई विभागीय मंडळ आमच्या वाशीतच आहे, आणि त्या परीक्षा आजही हातानेच लिहाव्या लागतात. भाषेच्या ८० गुणांच्या पेपरला सलग ३ तास लेखन करावे लागते.

लिहिण्याची सवय सुटली की काय होते, हे कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी पाहिले. २०२१ साली दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. २०२२ मध्ये मुले पुन्हा परीक्षेला बसली, तेव्हा मंडळाने मोठ्या पेपरसाठी अर्धा तास आणि ४० गुणांच्या पेपरसाठी १५ मिनिटे जादा दिली. दोन वर्षे शाळा मोबाइलवर भरल्यामुळे मुलांचा लेखनाचा सराव मोडला होता. ती सवलत त्या वर्षापुरतीच होती, तक्रार मात्र राहिली.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा बव्हंशी बहुपर्यायी होती. ती २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीने घेण्याचे लोकसेवा आयोगाने ठरवले. त्यामुळे पंचविशी-तिशीतले तरुणही "बोटे आखडतात" म्हणून येऊ लागले आहेत. पोलीस ठाण्यातले कर्मचारी, रुग्णालयातल्या परिचारिका, पेपर तपासणारे शिक्षक यांची गोष्ट तर वेगळी सांगायला नको.

दुखणे जुनेच आहे

हा आजार आजचा नव्हे. इटलीतील रामाझिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ सालच्या आवृत्तीत कारकून-लेखनिकांच्या दुखण्याचाही विचार आहे. त्याने तीन कारणे दिली. सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तीनशे वर्षे झाली, परीक्षेला बसलेल्या मुलालाही ही तिन्ही कारणे तशीच्या तशी लागू पडतात.

आपल्याकडेही लेखनाकडे कला म्हणून जितके पाहिले गेले, तितकेच शरीराचे काम म्हणूनही पाहिले गेले. समर्थ रामदासांच्या दासबोधात १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यात कागद, शाई, लेखणी, समास, ओळींतील अंतर यांचा बारकाईने विचार केला आहे. तरुणपणी घातलेले बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगाचे नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे, असा डोळ्यांच्या दृष्टीने अगदी व्यवहारी सल्लाही त्यात आहे.

जुन्या पेढीवरचे मुनीमजी आठवा. गादीवर मांडी घालून बसत आणि पुढे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी घेत. कीर्द-खतावणी त्या उतारावर ठेवून दिवसभर लिहीत. त्या उतारामुळे मान फारशी वाकत नसे आणि हाताला आधार मिळे. मुंबईचा घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आला, पेढ्यांवर संगणक आले आणि ती पेटी माळ्यावर गेली. मुलांच्या वाट्याला आले ते सपाट टेबल, आणि तेही मोठ्या माणसांच्या मापाचे.

हात का दुखतो?

एक छोटा प्रयोग करून पाहा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मूठ घट्ट आवळण्याचा प्रयत्न करा. मूठ नीट आवळली जात नाही. आता मनगट किंचित मागे घ्या आणि पुन्हा आवळा. मूठ लगेच घट्ट बसते. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे जातात. मनगट वाकडे असेल तर या दोऱ्यांची ओढ कमी पडते आणि पेन धरण्यासाठी बोटांना दुप्पट जोर लावावा लागतो.

स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातला रक्तपुरवठा मंदावतो. मग तो भरून येतो, जड होतो, दुखू लागतो. हीच गोष्ट खांद्याची. टेबल उंच असेल तर खांदा कानाकडे उचललेला राहतो. मूल हात दुखतो म्हणत असले तरी थकवा खांद्यापासून सुरू झालेला असतो.

वही कोठे ठेवावी?

आपल्याकडे लहानपणापासून "वही सरळ ठेव" असे सांगितले जाते. वही सरळ, छातीच्या बरोबर मध्ये ठेवली की उजवे कोपर बरगडीला चिकटते आणि मनगट बाहेरच्या बाजूला मुरडते. वही सरळ राहते, मनगट वाकडे होते! मला आढळणाऱ्या तक्रारींत हे कारण सर्वांत जास्त आणि सर्वांत सोपे आहे.

योग्य पद्धत अशी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने वही शरीराच्या मध्यरेषेपासून थोडी उजवीकडे घ्यावी. वहीचा वरचा भाग डावीकडे झुकवावा, म्हणजे खालचा डावा कोपरा आपल्या पोटाकडे येतो. साधारण २० ते ३० अंश तिरकेपणा पुरतो. माप लक्षात ठेवायची युक्ती अशी, की हात टेबलावर सैल टाकावा आणि वहीची उभी कड त्या हाताला समांतर करावी. मग कोपर जागेवर ठेवून हात नुसता फिरवला तरी ओळ आपोआप सरळ जाते.

वही तिरकी ठेवली की अक्षरही तिरके येईल, ही भीती अनेक शिक्षकांना वाटते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेले असते. वहीबरोबर आखलेली ओळही फिरते. डोळा त्या ओळीशी जुळला की अक्षर उभेच राहते. पहिले चार-सहा दिवस थोडे चुकल्यासारखे वाटते, तेवढेच.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. वही सरकवा, हात नको. पान खाली खाली भरत गेले की मुले हात अंगाकडे ओढत नेतात. शेवटच्या पाच-सहा ओळींना हात टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतो आणि मनगट हवेत तरंगते. पान अर्धे झाले की डाव्या हाताने वही वर ढकलावी. डाव्या हाताचे काम डोके टेकवण्याचे नसून वही धरण्याचे आणि सरकवण्याचे आहे. लिहिणारा हात एकाच आरामाच्या पट्ट्यात राहिला पाहिजे.

सानपाड्याच्या एका मुलीची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. पूर्वपरीक्षेत तिचे तीन पेपर अपुरे राहिले. प्रश्न येत होते, वेळ पुरला नव्हता. "हिला जमणार नाही, सायन्सला घालायचेच नाही" असे घरात जवळजवळ ठरले होते. मुलगी स्वतःही स्वतःला मठ्ठ समजू लागली होती. ती घरी पलंगावर पालथी पडून लिहायची आणि शाळेत वही टेबलाच्या अगदी कडेला ठेवायची. पेन तर इतके दाबून धरायची की अंगठ्याचे पहिले पेर पांढरे पडायचे. तिला औषध म्हणून मी काहीच दिले नाही. बसण्याची जागा बदलली, वहीचा कोन बदलला, पेन बदलले आणि रोज घड्याळ लावून अर्धा तास लेखन करायला सांगितले. सहा आठवड्यांनंतरच्या परीक्षेत तिचे सर्व पेपर वेळेत पूर्ण झाले. श्रेय अर्थातच तिच्या सरावाचे आहे. पण दुखणाऱ्या हाताने तो सराव झालाच नसता.

जाड वही आणि परीक्षेचे पॅड

दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानांवर उजवी बाजू उंच असते, शेवटच्या पानांवर ती टेबलाला लागते. तळहात कधी उंचावर, कधी खोल. यावर उपाय म्हणजे तेवढ्याच जाडीची दुसरी बंद वही शेजारी किंवा खाली ठेवून हाताला सपाटी द्यावी. शक्य असेल तर शंभर पानी दोन वह्या वापराव्यात.

परीक्षेला नेण्याच्या पॅडचा चाप वरच्या बाजूला असतो. बाक उतरता किंवा खडबडीत असेल तर पॅड उपयोगी पडते. पण बाक गुळगुळीत असेल तर केवळ सवय म्हणून पॅड वापरू नये. त्याची कड मनगटाखाली टोचते आणि उत्तरपत्रिका सरकवता येत नाही. पॅड वापरायचेच असेल तर कागदासकट पॅड तिरके करावे.

आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तळहाताला घाम फार येतो. कागद ओला होतो, पेन निसटते, मग मूल ते अधिक आवळते. हाताखाली टीपकागद किंवा सुती रुमालाची घडी ठेवावी.

टेबल-खुर्चीचे माप

घरातले जेवणाचे टेबल सुमारे ३० इंच उंच असते, खुर्चीची बैठक १८ इंच. म्हणजे दोहोंत १२ इंचांचे अंतर. दहा वर्षांच्या मुलाचे कोपर बैठकीपासून सात-आठ इंचांवर असते. चार इंचांची ही तफावत मूल खांदे उचलून भरून काढते!

टेबल बदलण्याची गरज नाही. खुर्चीवर जाड सतरंजीची घडी घालून मुलाला चार इंच उंच करावे. आता पाय लोंबतील, म्हणून पायांखाली पाट किंवा रद्दीचा घट्ट बांधलेला गठ्ठा द्यावा. लिहिण्याची पातळी कोपराच्या बरोबरीने किंवा इंचभर वर असावी, पाऊल पूर्ण टेकलेले असावे, पाठीला आधार असावा.

सिडकोच्या एका खोलीच्या घरात टेबलाला जागा कोठून आणायची, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. जमिनीवर मांडी घालून लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त वही जमिनीवर किंवा मांडीवर नको. बुडाखाली उशी किंवा घोंगडीची दोन-तीन इंची घडी घ्यावी म्हणजे कंबर पुढे वाकत नाही, आणि पुढे कोपराच्या उंचीचा चौरंग किंवा घडीचे छोटे टेबल घ्यावे. पलंगावर पालथे पडून लिहिणे मात्र पूर्ण बंद करावे.

मुनीमजींचा उतार घरीही करता येतो. बारा इंच खोलीची गुळगुळीत फळी घ्यावी आणि मागच्या कडेखाली तीन-चार इंच जाडीची पुस्तके ठेवावीत. १५ ते २० अंशांचा उतार तयार होतो. ज्यांची मान दुखते त्यांना याचा विशेष फायदा होतो. मोबाइलवरून किंवा पुस्तकातून उतरवून काढायचे असेल तर तेही आडवे न ठेवता समोर टेकवून उभे करावे.

उजेड उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून. नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते आणि मान आपोआप पुढे झुकते.

पेन कसे असावे?

पेन अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, मधल्या बोटावर टेकलेले आणि टोकापासून सुमारे इंचभर वर धरलेले असावे. फार बारीक पेन आवळावे लागते. त्यावर रबराची नळी चढवावी किंवा कापडी पट्टी गुंडाळावी. साधे बॉलपेन दाबावे लागते, जेल किंवा शाईचे पेन कमी दाबात चालते.

दाब किती आहे हे तपासायला खर्च नाही. लिहिलेल्या पानाखालचे तिसरे पान उजेडात तिरके धरा. तेथेही अक्षरांचे वळ उमटले असतील तर दाब फार आहे. मात्र नवे पेन परीक्षेच्या दिवशी प्रथम वापरू नये. निदान महिनाभर आधी हाताला त्याची ओळख व्हावी.

डावखुऱ्या मुलांसाठी

डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला हात बदलायला लावू नये. तो दोष नाही. त्याची वही मध्यरेषेच्या डावीकडे असावी आणि वरचा भाग उजवीकडे झुकलेला असावा, तिरकेपणा ३० ते ४५ अंश. हात ओळीच्या खाली राहिला पाहिजे. तसे न शिकवल्यास मूल मनगट आकड्यासारखे वळवून वरून लिहिते आणि शाईही फासते. पेन टोकापासून दीड इंचावर धरले तर लिहिलेले दिसते. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही. अनेक क्लासमध्ये खुर्चीला उजव्या हाताकडेच फळी असते. पालकांनी दोन खुर्च्या डावखुऱ्यांसाठी मागाव्यात, मागण्यात संकोच करू नये.

परीक्षेच्या खोलीत

बाक आपल्या हातात नसतो, वही असते. उत्तरपत्रिका मिळाल्यावर ती तिरकी करावी, बाकाच्या कडेपासून हातभर टेकायला जागा ठेवावी. प्रत्येक प्रश्न संपला की पेन खाली ठेवून पाच सेकंद बोटे पूर्ण फाकवावीत, हात खाली सोडून हलकेच झटकावा, खांदे एकदा मागे फिरवावेत. तीन तासांत यासाठी दोन मिनिटेही जात नाहीत. घरी अभ्यास करताना दर २०-२५ मिनिटांनी हीच विश्रांती घ्यावी. दुखत असेल तर रात्री कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवून मूठ उघड-मीट करावी.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

मांडणी बदलून आणि आठवडाभर लिहिणे कमी करूनही दुखणे राहिले, तर तपासून घ्यावे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन झोपमोड होत असेल तर मनगटातली शीर दबत असण्याचा संभव असतो. करंगळीत मुंग्या येत असतील तर कोपर कडक कडेवर टेकण्याची सवय पाहावी.

इतर सर्व कामे नीट होतात, पण पेन हातात घेतले की बोटे आपोआप मुरडतात, असेही काही जणांना होते. याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात. तो मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांमधला बिघाड आहे, ढोंग नव्हे. त्यावर मेंदूविकारतज्ज्ञांकडे उपचार आहेत. घरातल्या वृद्धांचे अक्षर ओळीगणिक बारीक होत चालले असेल तर तेही दुर्लक्षू नये. कंपवाताचे ते एक लवकरचे लक्षण असू शकते.

आणखी एक. सारे नीट करूनही मूल अतिशय सावकाश लिहीत असेल, अक्षरे गाळत किंवा उलटसुलट करत असेल, तोंडी मात्र उत्तरे चोख देत असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारमान्य ठिकाणी ही तपासणी होते. तिला वेळ लागतो, म्हणून दहावीच्या जानेवारीची वाट न पाहता आठवी-नववीतच सुरुवात करावी.

पालकांना शेवटची विनंती. आज संध्याकाळी मूल लिहायला बसले की पाच मिनिटे त्याच्या मागे उभे राहा. अक्षराकडे पाहू नका. खांदे उचललेले आहेत का, पाय टेकले आहेत का, मनगट सरळ आहे का, वही सरकते आहे का, एवढेच पाहा. जे चुकते आहे ते आजच दुरुस्त करा. आळशी आहेस, हा शब्द मात्र त्यानंतरच, आणि गरज उरलीच तर वापरा.